एकनेटवर्कव्रत

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आजपासून संकल्प: वाणीसंयम. फोन केवळ धर्मकार्यार्थ. फोंड्याच्या देवस्थानाचे चिटणीस शिवदासबाब यांनी दिवाळीत माझा क्रमांक टिपून घेतला. "जत्रेच्या प्रवचनाचं ठरलं की लगेच फोन करतो, गुरुजी," असे त्यांचे शब्द. विषय मी निश्चित केला आहे: निष्ठा. अधिकारवाणीने बोलू शकेन. अवघे कोरगाव 'नभदूत' मोबाईल कंपनीकडे वळले. 'सह्यवाणी'त मी एकटा उरलो. सत्य बहुमताने ठरत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
वृत्तपत्रात वार्ता: नभदूतात सह्यवाणीचे विलीनीकरण. अज्ञ जन यास पराभव म्हणतील. नदी सागरास मिळते, तेव्हा नदी हरली असे कोणी म्हणते काय? पत्नीस हे विस्ताराने समजावले. विमला म्हणाली, "नदी सागराक मेळली, मगे तुमच्या फोनाची रेंज खंय गेली?" तिने स्वतः केव्हाच नभदूत धरले आहे. स्वभाव चंचल.

सोमवार, १० नोव्हेंबर
फोन मूक. घरात रेंज नाही; वरच्या काजूच्या बागेत, एका विशिष्ट झाडाखाली येते. नित्य प्रातःकाळी तेथे चिंतनास बसण्याचा संकल्प.
दुपारी. संकल्प स्थगित. तांबड्या मुंग्या. आलेला संदेश एकच: आवडते गाणे निवडण्यासाठी एक दाबा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
विमलेचे मत: क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. "शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नभदूतवाले छत्री लावून बसतंत, पोर्ट करून घेवा." मी ठणकावले: कुंकू तेच आणि घरोबा दुसरा? ती म्हणाली, "तुमचो फोन म्हणजे देवघरातली घंटा. आपणच वाजवल्याशिवाय वाजणा नाय."
निर्णय देवावर सोपवतो. उद्या कौल लावणार.

बुधवार, १२ नोव्हेंबर
देवळात गुरव जयरामाने मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगास फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्याने गाऱ्हाणे घातले: "बा देवा म्हाराजा, गुरुजी ह्याच कंपनीत ऱ्हवले, तर फोंड्याचो फोन येतलो काय?"
डावी पडली. जयराम म्हणाला, "गुरुजी, इतक्या बेगीन दिलेलो कौल मी जल्मात बघूक नाय."
घरी सखोल विचार केला. देवाची डावी बाजू म्हणजे समोर उभ्या असलेल्या माझी उजवी. भक्तवत्सल देवाने भक्ताच्या बाजूने उत्तर दिले. कौल उजवा! व्रत चालू.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
केळी आणण्यास म्हापशास गेलो. वाटेत नभदूतची छत्री लागली. केवळ जिज्ञासेपोटी थांबलो. आधार कार्ड खिशात होते, हा योगायोग.
छत्रीखालची तनया नावाची मुलगी म्हणाली, "आजोबा, पोर्ट करायला आधी तुमच्याच फोनवरून मेसेज जावा लागतो." फोन उंचावून बाजारभर फिरलो. मेसेज गेला नाही. सह्यवाणीस सोडण्यासाठीसुद्धा सह्यवाणीचीच रेंज लागते! तनया हसून म्हणाली, "कशाला धडपडता? तुमची कंपनी आम्हीच घेतली. थोडं थांबा, तुम्ही आपोआप आमचेच."
मोहाचा क्षण निर्धाराने टाळला. केळी विसरलो.

सोमवार, १७ नोव्हेंबर
कौल फळला! शिवदासबाबांचा फोन आला, विमलेच्या फोनवर. मी शाल पांघरून, घसा खाकरून शेजारी उभा राहिलो. ती बराच वेळ "होय, होय" म्हणत होती. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तेंकाय हाडतंय." म्हणजे मलाही आणणार!
वृत्तांत: माझा फोन लागेना म्हणून प्रवचन डिचोलीच्या बुवांना दिले. विमलेच्या भजनी मंडळास मात्र जत्रेचे आमंत्रण. टाळ वाजवण्यास एक माणूस कमी आहे.
फोंड्याचा फोन येणार का, इतकेच देवास विचारले होते. कोणाच्या फोनवर, हे विचारण्यास जयराम विसरला.

गुरुवार, २० नोव्हेंबर
सकाळी संदेश: नभदूत परिवारात आपले स्वागत. रेंज पूर्ण; देवघरातसुद्धा. दिवसभर फोन हाती धरून बसलो. सायंकाळी वाजला. विमला, अंगणातून:
"अहो, तालीम सुरू झाली. टाळ घेवन येवा. मागल्या रांगेत बसा."