मीठ सांगणारी पहिली बशी

शारजा

सायरा, तुला सलाम, पोरांना पापे.

मी ठणठणीत आहे. इथल्या हॉटेलात मीठ पुडीत देतात, म्हणजे चव बिघडली तर दोष गिऱ्हाईकाचा.

अब्बांच्या जिभेची चव गेली, साबुदाण्यात दोनदा मीठ पडतं, म्हणून त्यांना चुलीपासून उठवू का, असं विचारतेस. उठवू नकोस.

रमजानात ते चाखायचे नाहीत, आठवतं? हरिहरेश्वरला निघालेली उपवासाची माणसं वाटेत माले गावातल्या आपल्या हॉटेलात थांबायची. पहिली बशी एखाद्या म्हातारीला देऊन अब्बा म्हणायचे, "मावशी, माझा रोजा हाय. मीठ तुमीच सांगा."

"अळणी हाय रं," म्हातारी ऐटीत सांगायची.

आता बारा महिने तसंच चालू दे. मिठाची बरणी तेवढी तुझ्याजवळ ठेव.

चव नसताना ते स्वतः जेवतात का, ते मात्र खरं कळव.

तुझा आगाऊ भाऊ,
इरफान