मोसंबीचा ताण

मुलचेरा, १२ डिसेंबर २०२४

ती. रुखमाबाईस,
धनराजचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

धान घरी आला, सगळे ठीक. फोन केला की बाबा शेजारी येऊन बसतात, म्हणून हे पत्र. परसातली मोसंबी यंदा फुलली नाही, तर मी तोडणार. आई गेली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून झाडाने कळी दाखवली नाही. हिवाळ्यात पाणी तोडून महिनाभर ताण देतो. पानं मलूल व्हायला हवीत, तर हे आपलं हिरवंगार! ताण बसल्याशिवाय बहार कुठला? झाड तोडलं तर ट्रॅक्टरला वाट तरी होईल. तुझ्या लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड, म्हणून तुला विचारतो.

भाऊजींना नमस्कार. राग धरू नको.
तुझा धनराज

मोहर्ली, १९ डिसेंबर

चि. धनराजास अनेक आशीर्वाद.

मोठा आला तोडणारा! शाळा बुडवून त्याचीच कच्ची फळं मिठाला लावून खायचास, आई सांगायची मला.

मोसंबी म्हटलं की मला आईचं येणं आठवतं. दर पौषात बाबा तिला एसटीत बसवून द्यायचे आणि ती महिनाभर माझ्याकडे राहायची. मी भाकरी थापायची, ती चुलीपाशी बसून गावच्या बातम्या सांगायची. माझ्यासाठी घरदार सोडून येणारं दुसरं कोण होतं रे? झाड राहू दे. आणि हिरवंगार म्हणतोस, तर चोरून कुणी पाणी घालतं का ते आधी बघ.

सुनेला, लेकरांना माझी माया.
तुझी बाई

मुलचेरा, ५ जानेवारी २०२५

ती. बाईस सा. नमस्कार.

चोर घरातलाच निघाला. बाबा रोज आंघोळीचं अर्धं पाणी राखून मोसंबीला घालतात. मी म्हटलं, ताण द्यायला तुम्हीच तर शिकवलंत. तर खाली मान घालून म्हणाले, तुही माय रोज घालत होती, तिच्या माघारी झाडाले उपाशी कसं ठिवू. मग हळूच सांगितलं, ती ऐकतच नव्हती, म्हणून तिला दर पौषात मोहर्लीला धाडायचे आणि मागे झाडाला ताण द्यायचे.

मला हसू आलं, आणि मग तू आठवलीस. सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. पण तुझ्यापासून लपवणं जमत नाही. आता बाबांनाच परवा तुझ्याकडे पाठवतो. महिनाभर ठेवून घे.

चुकलं असेल तर पोटात घाल.
तुझा धनराज

मोहर्ली, २८ फेब्रुवारी

चि. धनराजास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. मोसंबीची फुलं वाटेत सुकली, पण वास होता. बाबा कितीतरी वेळ नाकाशी धरून बसले होते.

खरं सांगते, तुझं मागचं पत्र वाचून मी खूप रडले. आई झाडापायी येत होती, माझ्यासाठी नाही, हेच मनात घोळत राहिलं. शेवटी काल बाबांना विचारलंच. ते हसायला लागले. म्हणाले, एका वर्षी मीच म्हटलं होतं, अवंदा तू घरी असतानाच झाडाले ताण देऊ, नोको जाऊ मोहर्लीले. तर तुही माय माह्या डोळ्यांदेखत बादलीवर बादली वतत सुटली. म्हणे, धाडता का अजून वतू?

ट्रॅक्टरला दुसरी वाट शोध. झाडाला आता पोटभर पाणी दे. बाबांना इतक्यात पाठवत नाही, आणि पुढच्या पौषातही त्यांना इकडेच धाड.

आहे तशीच माया राहू दे.
तुझी बाई