"न्हाय, वस्ताद"

वस्ताद,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसलोय, कारण मला भीती वाटतेय. हा शब्द तालमीत काढायची सोय नव्हती, म्हणून कागदावर काढतो. माझी लेक कुस्ती खेळते. ऐकून तुम्ही आधी मिशीत हसला असता, मग तिची मान दाबून बघितली असती. परवा सरावात जोडीदारणीनं तिचा एक पाय धरून ओढला, दुसरा मॅटवर बाहेर सरकला आणि पोरगी जांघ धरून खाली बसली. डॉक्टर म्हणाले, स्नायू अर्धा फाटलाय, दीड महिना मॅटवर जायचं नाही, आता खेळली तर पुरता तुटेल. रविवारी निवड चाचणी आहे आणि ती जाणारच म्हणते. काल जिना चढताना तिनं कठडा धरला. मी विचारलं, "दुखतंय?" "न्हाय ओ पप्पा." खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला घटकाभर बरंच वाटलं. मग ध्यानात आलं. ते उत्तर माझंच होतं.

माझ्या वेळी शाहूवाडीकडच्या जत्रेतली कुस्ती चार दिवसांवर आलेली. मी मातीत पाय फाकून पडलो आणि जांघेत कापड फाटावं तसं झालं. तुम्ही वरनं विचारताय, "दुखतंय काय रं?" या प्रश्नाला आपल्यात एकच उत्तर होतं. "न्हाय, वस्ताद." "मग मुडद्यागत का पडलाईस? लचक हाय, चोळून काढू की." तुम्ही स्वतः गुडघे टेकून बसता, गरम तेल लावून अंगठ्यानं ती ताजी फाट रगडता, मी पंचा दातात धरतो. ताज्या दुखापतीला चोळायचं नसतं, हे मला परवा डॉक्टरांकडून कळलं. तुम्हाला तरी कोण सांगणार होतं? मग तुम्ही आपल्या हातानं बदाम घोटून थंडाई केलीत आणि जिंकून येणाऱ्याला द्यायचा पहिला पेला मला आधीच दिलात. तो पिऊन दुखतंय म्हणायला तोंडच राहिलं नाही. जत्रेत पहिल्याच डावाला पाय गेला आणि माझी कुस्ती संपली. "पोराचं नशीबच फुटकं," असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात, आणि मी म्हणू दिलं.

कैक वर्षं मी मनातल्या मनात तुम्हालाच शिव्या घातल्या. पण तुम्ही विचारलं होतं की. उत्तर मी दिलं होतं.

आत ती बॅग भरतेय. बायको म्हणते, दाराला कडी घाला. कडी किती दिवस घालणार? ती माझंच रक्त आहे, खिडकीतनं जाईल. तिला बोलवून एक गोष्ट सांगायची आहे, आजवर कुणालाच सांगितलेली नाही, आणि जीभ उचलत नाही. म्हणून आधी तुमच्यापुढं म्हणून बघतो. हा कागद कुठं धाडायचा नाहीच.

दुखत होतं, वस्ताद. तुम्ही विचारलंत तेव्हाच लय दुखत होतं.