यादीतली सात नावं

३ एप्रिल १९७२, सोमवार

गेली एकदाची यादी! बालवाडीतली चाळीस मुलं, वीस चित्रं, सहा दिवस. ‘आ शुं छे? — हे काय आहे?’ विचारून विचारून घसा बसला माझा. छत्री, होडी, टेलिफोन, सोफा... सोफा पाहून एका पोरानं ‘बैलगाडी’ म्हटलं. नियमाप्रमाणे शून्य दिलं.

छगनभाई खूश. आमच्या संस्थेचे उधन्याचे साहेब. “कुमुदबेन, तुमचं बडोद्याचं शिक्षण कामाला आलं!” म्हणाले.

सात मुलं पाच मार्कांच्या खाली. त्यांच्या नावापुढे ‘मंद’ लिहायचं होतं. लिहिलं. एक प्रत हेड ऑफिसला, एक शेजारच्या शाळेला. या सातांना शाळा जूनमध्ये घेणार नाही, त्यांची वेगळी सोय होणार. कुठं? कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

६ एप्रिल

उकाडा. मागांचा खडखडाट. काही सुचत नाही.

१० एप्रिल

आज सकाळी बालवाडीत घुसून एका बाईनं माझी चामडी सोलली!

सुंदरा. सीतेची आई. नवरा हिलाल लूमवर, ही घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरते. शाळेत नाव घालायला गेली तर तिथल्या मास्तरांनी यादी दाखवली — तुमची मुलगी मंद आहे. ती तशीच तरातरा माझ्याकडे. डोक्यावरचा पदर पडलेला, तेही भान नाही.

“मनी आंडेर येडी शे का? कोनी लिखं?”

मी म्हटलं, सुंदराबाई, सीता वर्षभर एक अक्षर बोलली नाही. वीसपैकी एकाही चित्राचं नाव सांगितलं नाही. मी काय करू?

“घरमा दिनभर बोलस ती! तुमनासंगे बोलत नही. तुम्ही हासनात ना तिले!”

हसले? मी? कधी?

ती निघून गेली. मुलं माझ्याकडे बघत होती. मी गाणं म्हणायला लावलं.

११ एप्रिल

मागच्या वर्षीची वही काढली. २१ जून. माझ्याच अक्षरात —

‘आज सात नवीन मुलं. एकीला विचारलं, तू कोण ग? तर म्हणते, मी सुंदरानी आंडेर! हसून हसून पुरेवाट. काय एकेक शब्द असतात या लोकांचे!’

आंडेर म्हणजे मुलगी. अहिराणीत. पोर म्हणाली होती — मी सुंदराची मुलगी. एवढंच. आणि मी हसले म्हणून सगळा वर्ग हसला.

त्यानंतरच्या पानांवर तिचं नाव नाही. कुठंच नाही.

१२ एप्रिल

सरलाबाईंना विचारलं. त्या घरोघर जाऊन मुलं गोळा करून आणतात, सीतेच्याच चाळीत राहतात. तुम्हाला ठाऊक होतं का, की सीता माझ्यामुळे गप्प झाली?

“हो.”

मग सांगितलं का नाही?

“तुम्ही विचारलं नाही ना, ताई.”

रागानं म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चटई झटकत म्हणाल्या.

१७ एप्रिल

चार दिवस डोकं ठिकाणावर नाही. पण आता वाट दिसतेय! चूक भाषेची आहे. घरात अहिराणी, चाचणी गुजरातीत, चित्रं कुठल्या परदेशी पुस्तकातली. सात जणांत पाच खानदेशातले! हा योगायोग नाही. सरलाबाईंना विचारायला बसवायचं — अहिराणीत. चित्रं आपणच काढायची. कांडी, कंदील, शिडी, मुसळ. छगनभाईंना टिपण दिलं. भराभर पाच पानं लिहिली. कॉलेजात असते तर शाबासकी मिळाली असती.

२ मे

छगनभाई — “हो, हो, बघू.” टिपण टेबलावर तसंच. वर चहाच्या कपाचा गोल डाग.

९ मे

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुंदरा माहेरी जायची, त्याआधी गाठावं म्हणून चाळीत गेले. बालवाडीला सुटी. दुपारचं ऊन, ओट्याच्या सावलीला पोरं बसलेली. मी कोपऱ्यावरच थांबले.

सीता शिकवत होती!

फाटकी ओढणी साडीसारखी गुंडाळलेली. समोर तीन लहान पोरं ओळीनं. तिच्या हातात काडेपेट्यांवरची चित्रं. एकेक उचलून पोरांच्या नाकासमोर धरायची.

“आ शुं छे? बोल ने! जल्दी बोल!”

स्वच्छ गुजराती. माझा स्वर, मानेचा माझा झटका सुद्धा. समोरचं पोर गप्प. तिनं दोन क्षण वाट पाहिली — दोनच — आणि जमिनीवर कोळशानं गोल काढला.

“नथी आवडतुं? मींडुं!”

येत नाही? शून्य!

माझी पाच पानं गेली! तिला गुजराती येतं. माझ्यापेक्षा बरं येतं. भाषा अडवत नव्हती तिला. मी अडवत होते.

तिनं मला पाहिलं. ओढणी सोडली, घरात पळाली. कितीही हाका मारल्या तरी बाहेर आली नाही. सुंदरा दारात आली, म्हणाली, आत या म्हणावं असं काही नाही माझ्याकडे आज.

१० मे

बाकीच्या सहा जणांचं काय? त्यांच्यावर कोण कधी हसलं? मला आठवतसुद्धा नाही!

१२ मे

छगनभाईंकडे गेले. बसलेच नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. हसण्याचंही.

शांतपणे ऐकलं त्यांनी. माणूस वाईट नाही. मग म्हणाले, रिपोर्ट टाइप होऊन गेलाय, तो आता बदलत नाही. पण एक मार्ग आहे. सीतेची पुन्हा चाचणी घेतली असं लिहा. एप्रिलमध्ये शून्य, मेमध्ये चौदा. बालवाडीतल्या खास प्रयत्नांनी मूल सुधारलं! संस्थेचं नाव होईल, तुमचंही. आणि मुलीला शाळा घेईल.

“चाचणी नाही दिली तिनं तर?”

“तुम्हाला माहीत आहे ना, ती हुशार आहे? मग आकडा खरा काय, खोटा काय?”

उद्यापर्यंत सांगते म्हणून बाहेर पडले. उधना स्टेशनपर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले.

१३ मे

त्यांचं ऐकलं तर सीता आत. बाकी सहा बाहेरच — आणि यादी खरीच होती असं ठरणार! शून्य खरं होतं, मी ते बरं केलं! बिघडवलं मीच आणि श्रेयही मलाच?

पण पोर आत जाते ना? तिला काय करायचंय माझ्या खऱ्याखोट्याशी?

सरलाबाईंना विचारलं. या वेळी विचारलं! म्हणाल्या — “सातही जणांचं लिहा चौदा, ताई.” आणि स्वतःच हसल्या. तेवढं छगनभाई कसले करतात!

१५ मे

पत्र दिलं. ‘चाचणी सदोष होती. ती घेणारी मी सदोष होते. सातही नावांपुढचा शेरा रद्द करावा.’ खाली सही. एक प्रत शाळेला, एक हेड ऑफिसला — थेट, पोस्टानं, छगनभाईंना न विचारता.



२९ मे

हेड ऑफिसचं उत्तर. संस्थेच्या शिस्तीचा भंग. पंधरा जूनपासून माझी गरज नाही. पत्रातल्या मुद्द्यांचा ‘पुढील योजनेत विचार करू.’

यादीबद्दल एक शब्द नाही.

१२ जून, सोमवार

शाळा उघडली. दहा वाजल्यापासून मुख्याध्यापकांच्या दाराशी. माझं पत्र त्यांना मिळालेलं. त्यांनी ते माझ्यासमोर दोनदा वाचलं.

“बेन, हे असं कसं चालेल? एप्रिलमध्ये तुम्हीच लिहिता मंद. मेमध्ये तुम्हीच लिहिता मी चुकले. मग मी तुमचा कुठला कागद मानू?”

मी म्हटलं, मुलांना बोलवा, तुम्ही स्वतः बोला त्यांच्याशी.

“मी बोलू, आणि उद्या मीही चुकलो तर? त्यापेक्षा तुम्ही लिहून द्यायचं होतं की मूल सुधारलं. मी लगेच घेतलं असतं.”

लगेच घेतलं असतं!

म्हणजे सीता आज आत बसली असती. माझ्या एका खोट्या आकड्यावर. मी खरं लिहिलं म्हणून ती बाहेर. हे मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं. सुंदराला तोंड कसं दाखवू?

१४ जून

किल्ल्या सरलाबाईंकडे दिल्या. नवीन बेन येईपर्यंत मुलं त्याच सांभाळणार. मी निघाले तेव्हा त्या मुलांशी अहिराणीत बोलत होत्या आणि सगळी एकदम ओरडत होती. इतका गोंगाट या खोलीत मी कधी ऐकला नव्हता. बाहेर थांबून ऐकत राहिले. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही.

१६ जून

बडोद्याचं तिकीट काढलं. निघण्याआधी सुंदराकडे गेले. जायलाच हवं होतं.

ती कांड्या भरत होती. मी माफी मागायला सुरुवात केली — यादी, पत्र, मुख्याध्यापक, माझी नोकरी — तिनं हातानं थांबवलं. सीता शाळेत गेलीय म्हणाली! बमरोलीकडच्या शाळेत. सोमवारीच नाव घातलं. चाळीतली आणखी तीन पोरं नेली बरोबर. पाऊण तास चालावं लागतं, पण जातात. सीतेनं मास्तरांना स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवले.

तिथं कोणी काही विचारलं नाही? कागद वगैरे?

“इचारं ना. म्हने, पोर बालवाडीमा जाये का? मी सांगं — नही. कधीच गयी नही.”