बीमवरील काचपट्टी हे देवस्थान नसल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
देखभाल व दुरुस्ती कक्ष,
श्रमदीप कामगार वसाहत मंडळ, भोसरी

विषय : इमारत क्र. ७, खोली क्र. ११ मधील बीमची दुरुस्ती करणेबाबत व सदर बीम धार्मिक स्थळांच्या यादीतून वगळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सहा अर्ज.
२) आपल्या कक्षाचे पत्र, दि. १० नोव्हेंबर २०२५ (“हात लावू नये”).
३) आपल्याच मंडळाच्या अतिक्रमण कक्षाची नोटीस, दि. ८ डिसेंबर २०२५ (“पंधरा दिवसांत काढून टाकावे”).

महोदय,

मी, हिंदुराव दत्तू कणसे, वय ६७, भोसरीतील एका कारखान्यात तेहतीस वर्षे तपासनीस होतो. तयार माल मापात आहे की नाही, एवढेच आयुष्यभर पाहिले. त्यामुळे खाली मापे जरा जास्त येतील, क्षमा असावी. आधीच्या सहा अर्जांत “तातडीने” हा शब्द होता. त्याने काही फरक पडत नाही असे निदर्शनास आल्याने या वेळी तो गाळला आहे.

१) आमच्या झोपण्याच्या खोलीत छताखालून आडवा बीम जातो. गेल्या जूनमध्ये त्याच्या तळाला लांबीच्या दिशेने भेग पडली. नुसता गिलावा तडकला तर भेगा जाळ्यासारख्या पसरतात. भेग सळईच्या रेषेत सरळ धावत असेल तर आतली सळई गंजून फुगत आहे असे समजावे. पाणी वरच्या खोलीच्या मोरीतून झिरपत होते. वरचे रहिवासी श्री. रणजीत यांना सांगताच त्यांनी दोन दिवसांत मोरी फोडून जाळीखालचा पाइप बदलला. दुखण्याचे मूळ असे गेले. दुखणे मात्र राहिले आणि ते मंडळाच्या अखत्यारीत येते.

२) जुलैमध्ये मंडळाचा ठेकेदार आला. त्याने भेगेत सिमेंट भरले, वर रंग मारला आणि “काम समाधानकारक” या कागदावर माझी सही घेतली. गंज सळईला आणि मलमपट्टी रंगाला, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेहतीस वर्षांत मी अशी सही कधी केली नव्हती, ती त्या दिवशी केली, कारण कोणीतरी आले याचाच आनंद झाला होता. विसाव्या दिवशी भेग पुन्हा उघडली आणि बशीएवढा पोपडा पत्नीच्या उशीवर पडला. त्या वेळी मी तिला टेकवून बसवून चहा पाजत होतो, म्हणून निभावले.

३) माझी पत्नी सौ. सावित्री हिला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला व डावी बाजू गेली. ती दिवसभर उताणी पडून असते. तिचा पलंग बीमखाली येतो. दहा बाय दहाच्या खोलीत तो दीड फूट सरकवता आला, तेवढा सरकवला. दुसरीकडे राहायला जा, असे आपल्या कार्यालयात मला तीनदा सांगण्यात आले. मुलगा सुजित चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये आहे, तिथे एका खोलीत चौघे राहतात.

४) सप्टेंबरमध्ये आपले कनिष्ठ अभियंता श्री. अवधूत रानवडे आले. माणूस चांगला. त्यांनी भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली, तिच्यावर तारीख घातली आणि म्हणाले, “काका, काच तडकली तर भेग वाढतीये समजायचं. रोज लक्ष ठेवा.” मी रोज सकाळी सात वाजता स्टुलावर चढून फिलर गेजची (ठरावीक जाडीची पातळ पाती) पाती भेगेत घालून ती मोजत आहे. वही सोबत जोडली आहे.

५) यानंतरची चूक माझी आहे व ती मी कबूल करतो. आपल्या भागात खंडेनवमीला प्रेस, लेथ, ड्रिल, झालेच तर कँटीनची किसणीसुद्धा पूजेतून सुटत नाही. आमच्या खात्यात गेजची पूजा माझ्याकडे असे. निवृत्तीनंतर घरात दोनच साधने उरली, मायक्रोमीटर आणि फिलर गेज. ती पाटावर मांडली. बोटाला कुंकू होतेच. काचपट्टीही मोजायच्याच कामाची, तिला उपाशी का ठेवा, असे वाटून तिलाही कुंकू लावले व झेंडूचे एक फूल चिकटवले.

६) पाचव्या दिवशी श्री. रानवडे रजेवर असल्याने त्यांच्या जागी दुसरे कर्मचारी आले, फोटो काढून गेले. त्यावरून आपल्या कक्षाने कळवले की, सदर ठिकाणी धार्मिक चिन्ह आढळल्याने तोडफोड करता येणार नाही. सोबत माहितीचा नमुना होता. खोटे लिहिण्याची सवय नसल्याने मी तो भरला. स्थापनेचे वर्ष : २०२५. मूर्तीची उंची : ७५ मि.मी., जाडी सव्वा मि.मी. ध्वनिक्षेपक : नाही. भाविकांची अंदाजे संख्या : एक. सर्व रकाने भरलेले असल्याने नोंद कायम झाली. नंतर अतिक्रमण कक्षाने हे अनधिकृत स्थळ मी स्वखर्चाने काढून टाकावे, अशी नोटीस दिली. दोन्ही कक्ष एकाच जिन्यावर, एक वर आणि एक खाली आहेत. दोन्ही पत्रे हातात घेऊन मी तो जिना अकरा वेळा चढलो-उतरलो. आता गुडघे ऐकत नाहीत.

७) दरम्यान, दि. २ नोव्हेंबर रोजी काचपट्टी तडकली. सप्टेंबरमध्ये ०.६ मि.मी. असलेली भेग आज १.४ मि.मी. आहे. बीमला खालून लोखंडी टेकू देणे, सैल काँक्रीट काढणे, सळई घासून गंजरोधक लावणे आणि मग योग्य मसाल्याने बीम भरणे, एवढेच काम आहे. मला भीती वाटते, साहेब. मी खाली चटईवर झोपतो व कान वर लावून असतो.

८) नोंद रद्द होण्यासाठी “सदर ठिकाणी कोणत्याही देवतेचे अस्तित्व नाही” असे शपथपत्र आपण मागितले. ते मी सही करून जोडले आहे. वास्तविक अर्ज इथे संपायला हवा. परंतु सांगणे भाग आहे. आमचे देवघर स्वयंपाकघरात आहे, तिथे पत्नीची चाकाची खुर्ची जात नाही. दोन वर्षांत तिला देवदर्शन नाही. डोळ्यांसमोर वर ते कुंकू दिसते. डिसेंबरमध्ये एका सकाळी तिने मला विचारले, “एकच हात उचलतोय माजा. त्येला चालतंय का वो?” तेव्हा कळले की, ती खंडेनवमीपासून रोज नमस्कार करते. म्हणजे भाविकांचा आकडाही मी चुकीचा दिला होता. मापात नाही ते नाही, असे मी तेहतीस वर्षे भल्याभल्यांना तोंडावर सांगितले. तिला “चालतं” म्हणालो.

९) तरी विनंती की, काम चालू असेपर्यंत आठ दिवस आम्हाला तळमजल्यावरील रिकामी खोली क्र. ४ द्यावी. सुनबाई वर्षाली व शेजारी तिला मंगळवारी व शुक्रवारी सकाळी दहा ते साडेबारा फिजिओथेरपीला नेतात. पट्टी काढण्याचे व कुंकू पुसण्याचे काम त्याच वेळेत करावे. परत आल्यावर तिला मी सांगेन. काय सांगायचे ते अद्याप ठरलेले नाही.

आपल्या वसाहतीचा जुना रहिवासी,
(सही)
हिंदुराव दत्तू कणसे
दि. १९ जानेवारी २०२६

सोबत :
१) भेगेच्या मापांची वही.
२) परस्परविरोधी दोन पत्रांच्या प्रती.
३) शपथपत्र, मूळ प्रत. त्याची पोच कृपया घरच्या पत्त्यावर पाठवू नये, मी कार्यालयात येऊन घेईन. घरी आलेले प्रत्येक पत्र ती मला मोठ्याने वाचायला लावते.