मारक्याची साक्ष

ता. ४ जून

ती. ताईस,
स. सलाम वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. एका शाळेच्या बेचाळीस खिडक्यांच्या चौकटी हातात होत्या आणि लाकूड ओलं निघालं. तुझा गुडघा कसा आहे? जन्मभर दवाखान्यात दुसऱ्यांना वेळेवर गोळ्या दिल्यास आणि स्वतःची गोळी विसरतेस, याला काय म्हणायचं!

बातमी अशी की आपल्या चर्चच्या मंडळीने कारभार पाहणारा वडील म्हणून माझं नाव सुचवलं आहे. आपले गुरुजी वीस वर्षं वडील होते, पण आता मोतीबिंदूमुळे त्यांना गीतांचं पुस्तक दिसत नाही. माझी मुलगी म्हणाली, पप्पा, तुम्ही वडील आहातच, आता आणखी किती होणार! रविवारी पाळकसाहेबांनी वडिलाच्या अंगी काय काय असावं ते पवित्र शास्त्रातून वाचून दाखवलं. पाहुण्यांचं करणारा, दारू न पिणारा, घर नीट सांभाळणारा. मी मनातल्या मनात एकेकापुढे बरोबरची खूण करत होतो. मारका नसावा, असं आलं तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली आणि तुझ्या भावजयीने मला कोपराने ढोसलं. माझं घरातलं नाव बाहेर कोणी फोडलं कोण जाणे.

माझ्याविषयी साक्षीच्या दोन ओळी लागणार आहेत. एक घरच्या माणसाची, एक मंडळीबाहेरच्या माणसाची. बाहेरची आपला लाकडाच्या वखारीचा मालक देईल. घरची तू दे. आईच्या मागे तूच मला वाढवलंस, तुझ्याइतकं कोण ओळखतं?

लोभ तुझ्याकडे भरपूर आहे, त्यातलाच थोडा त्या ओळीत घाल.

तुझा,
मारका


ता. ११ जून

चि. मारक्यास,
अ. आ.

तुझं पत्र शेजारणीलाही वाचून दाखवलं. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. चार वर्षांचा असताना दूधवाल्याच्या पोटात डोकं घालून त्याची किटली सांडणारा तू, वडील होणार! आई असती तर गल्लीभर सांगत सुटली असती.

पण वखारवाल्याची ओळ आणू नकोस. तू त्याचं मोठं गिऱ्हाईक, तो तुला देवदूतही म्हणेल. तुला ओळखणारा बाहेरचा माणूस तुझ्या दुकानासमोरच आहे, तो सलूनवाला. अकरा वर्षांपूर्वी तू भरल्या सलूनमध्ये त्याच्या थोबाडीत मारलीस, कारण त्याने तुझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही वेण्या कापल्या होत्या. आजवर एक गोष्ट पोटात ठेवली होती, ती आता सांगते. कात्री लावण्याआधी त्याने तिला विचारलं होतं, घरी विचारलंस का? ती खोटंच हो म्हणाली. पुढच्या सुटीत माझ्याकडे आली तेव्हा रडत रडत तिने मला हे सांगितलं. त्या माणसाची काही चूक नव्हती रे. तुला हे माहीत नसेल म्हणून तू गप्प राहिलास, असं मी धरून चालते. त्याला जाऊन भेट. माझी ओळ तोवर थांबेल.

चिडशील, ठाऊक आहे. चिडून झालं की जेव आणि मग लिही. आशीर्वादात कसर नाही.

ताई


ता. २४ जून

ताईस,

इतका चिडलो होतो की दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं. सलाम वर राहिला तो इथे घे.

तू जे धरून चाललीस ते खरं नाही. मला माहीत होतं. त्याच संध्याकाळी मुलीने दाराला टेकून मला सगळं सांगितलं होतं. मी तिला एवढंच म्हणालो की झोप जा. उद्या जाऊन माफी मागू असं ठरवलं. उद्या गिऱ्हाईक आलं. परवा लाज वाटली. आठवड्याने वाटलं, आता कशाला खपली काढायची? असं करत अकरा वर्षं गेली. केस कापायला मी बसने दोन स्टॉप लांब जातो आणि तिथला माणूस माझा एक कल्ला वर ठेवतो, एक खाली. सकाळी सलूनवाला समोर शटर उघडताना दिसला की मी मान खाली घालून जोरात रंधा मारतो.

मंडळी मला शांत समजते, कारण बैठकीत मी आवाज चढवत नाही. ताई, मारका म्हणजे मारणारा, एवढंच मला वाटायचं. मारून अकरा वर्षं गप्प बसणाऱ्याला काय म्हणतात? पाळकसाहेबांना तब्येतीचं कारण सांगून मी नाव मागे घेतो. चालेल ना?

लोभ ठेव असं लिहायला हात उचलत नाही. तूच काय ते ठरव.

मारका


ता. ३० जून

चि. मारक्यास,
अ. आ.

चालणार नाही. तुझ्या तब्येतीला काय धाड भरली आहे? गुपचूप माघार घेतलीस तर लोक म्हणतील, बघा किती नम्र माणूस! वर शाबासकी मिळवशील. थप्पड चारचौघांत मारलीस, माफीही चारचौघांतच माग. शनिवारी जा, तेव्हा गर्दी असते.

तू हे लिहिलंस म्हणून माझी माया तसूभर कमी झालेली नाही. पत्र वाचून मी रडले. अकरा वर्षं हे ओझं एकट्याने वाहिलंस. पण ते त्या सलूनवाल्यानेही वाहिलं, आणि त्याने तर काही केलंच नव्हतं.

लोभ जिथल्या तिथे आहे. जाऊन ये आणि घेऊन जा.

ताई


ता. ८ जुलै

ती. ताईस,
स. सलाम वि. वि.

गेलो. बाकावर चौघे बसले होते. मी दारातच उभा राहून सगळं बोललो, मला त्याच संध्याकाळी कळलं होतं तेसुद्धा. कात्री थांबली. हातातलं गिऱ्हाईक उरकून त्याने खुर्ची झटकली आणि मला बसायला सांगितलं. गळ्यावर वस्तरा आला तेव्हा मी मान मागे टाकली. शेवटी त्याने माझ्या डाव्या गालावर तुरटी फिरवली. मी त्याच्याही डाव्याच गालावर मारली होती. फार झोंबलं. मग त्याने विचारलं, मुलगी आता केस कसे ठेवते? अजून आखूडच, असं मी सांगितलं. तो हसून म्हणाला, म्हणजे तेव्हा चांगलेच कापले होते मी.

ओळ मागायचा धीर झाला नाही, पण त्याच्या कानावर आलेलं होतं. तोच म्हणाला की एका दाढीत माणूस कळत नाही. दर शनिवारी या, वर्षभराने बघू.

काल उपासनेनंतर मंडळीपुढे सगळं सांगितलं. घरी येऊन मुलीचीही माफी मागितली, कारण ती खोटं बोलली ती माझ्याच धाकाने. घर नीट सांभाळणारा, यापुढची खूण मी स्वतःच खोडली आहे. पाळकसाहेबांना म्हणालो, दुसरं कोणी बघा. गुरुजी मात्र म्हणाले, वर्षभर मी एका डोळ्यावर ढकलतो, याची दाढी होऊ द्या.

तुझ्याकडचा लोभ न्यायला येतोच आहे. गोळी घेत जा.

मारका


ता. १४ जुलै

ती. ताईस,
स. सलाम वि. वि.

वर्ष झालं. एकही शनिवार चुकवला नाही, तापातही गेलो. परवा सलूनवाल्याने साबणाचा हात पुसून एक ओळ लिहून दिली. काल पाळकसाहेबांनी ती मोठ्याने वाचली. लिहिलं होतं की या माणसाने वर्षभर दर शनिवारी मला मान दिली.

गुरुजींचे डोळे गेले तरी कान मास्तरांचेच आहेत. बसल्या जागेवरून म्हणाले, मान दिली नव्हे, मान दिला. चूक दुरुस्त करून घ्या. पाळकसाहेबांनी पेनही उघडलं. मी उठून म्हणालो की राहू द्या, साहेब. वस्तऱ्याखाली खरोखर मानच दिली होती. त्यांनी पेन बंद केलं. माझी मुलगी रडत होती.

पाळकसाहेब म्हणतात, आता फक्त घरची ओळ बाकी आहे. तुला योग्य वाटेल तेच लिही. लोभाचं मी बोलत नाही, तो तुझ्याच हातचा.

मारका


ता. २१ जुलै

मा. पाळकसाहेबांस,
स. सलाम वि. वि.

माझ्या धाकट्या भावाविषयी घरच्या माणसाची एक ओळ आपण मागितली होती. ती वर्षभर मी अडवून ठेवली, त्याबद्दल क्षमा असावी. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. घरात आम्ही त्याला मारका म्हणतो आणि यापुढेही म्हणणार. पण ओळ एकच हवी, म्हणून एवढंच लिहिते.

सलूनवाल्यांच्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही.

त्याच्यावर आहे तसाच लोभ आपल्या मंडळीवरही ठेवणारी,
मारक्याची ताई