आईचं बेसणं

आप्पा, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. परवा मी सचिन गावात एका बेसण्याला गेले होते. पांढरी चादर, हार घातलेला फोटो, दुखवट्याला आलेली माणसं. आताचे आमदार आले, उभ्याउभ्या नमस्कार करून गेले. शेजारची बाई म्हणाली, "तमारा पप्पा तो बेसता हता." हो, तुम्ही बसायचात. पाच मिनिटं.

मला अजून दिसतं: सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही गुजराती पेपरातलं निधनाच्या जाहिरातींचं पान आधी उघडता. आई भाकरी थापताना विचारते, "आज कोन मरना ते सांगा, कपडा काढी ठेवस." तुम्ही म्हणता, "दोन शेतस. एक सचिनमा, एक पलसाणामा." मला हसू येतं आणि तुम्ही झापता, "नळ आणला ते लोक विसरतील. बेसण्याला आलो नाही ते विसरणार नाहीत." सहा वेळा आमदार म्हणून निवडून आलात. मंत्री झाला नाहीत, गांधीनगरला विधानसभेत फारसं बोललाही नाहीत. पण खानदेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीत कुणी गेलं की तुम्ही जायचात. पाच मिनिटं मान खाली, फोटोला नमस्कार, मग घरच्यांसमोर हात जोडून, "काही काम असलं तर सांगा."

आईच्या बेसण्यात तुम्ही आम्हा घरच्यांच्या बाजूला बसला नाहीत. समोर, आलेल्या लोकांत बसलात. पाच मिनिटांनी उठलात, फोटोला नमस्कार केलात, माझ्यासमोर येऊन हात जोडलेत. "काही काम असलं तर सांगा." मी म्हटलं, "आलात, बरं वाटलं." असंच म्हणतात. ड्रायव्हरने सवयीने दार उघडलं. तासाभराने परत आलात तेव्हा चादर उचलून झाली होती. कुठे गेला होतात ते मी विचारलं नाही. पुढची नऊ वर्षं आपण एका घरात जेवलो, त्या दिवसाबद्दल बोललो नाही. लोकांना मी सांगत आले, धक्का बसला होता, भान नव्हतं त्यांना.

ते खरंही असेल. पण मला भान होतं. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. चपला घालताना तुम्ही थांबलात, वळून पाहिलंत. आपण कुठे बसायचं होतं ते शोधत असावात. "आप्पा, इकडे," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. घरातही तुम्ही पाच मिनिटांचेच, हे लोकांनी बघावं, असं वाटलं मला.